पाऊस आडवा येतो

वेंगुर्ले तालुक्यातलं आमचं वडिलोपार्जित घर मी हौसेनं आणि कर्ज काढून नव्यानं उभं केलं. घर जुन्या वळणाचंच करायचं, हा माझा निश्चय होता. तो चुकीचा नव्हता, असं मी आजही मानतो. चुकलं ते त्यानंतरचं बहुतेक सगळं. ते इथे उघडपणे मांडतो आहे, कारण अलीकडे सिंधुदुर्ग-रत्नागिरीत जुनी घरं 'पारंपरिक' रूपात परत उभी करण्याची लाट आली आहे, आणि येता-जाता दिसणाऱ्या बऱ्याच घरांत मला माझ्याच चुका दिसतात. पैसे परत मिळवता येतात. जुना वासा उतरवून विकला किंवा चुन्याचा गिलावा खरवडून काढला, की तो परत येत नाही.

घर मध्यम आकाराचं. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि बाजूला मांगर. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, मातीत रचलेल्या, वरून चुन्याचा गिलावा. छपरावर एके काळी नळे होते, आजोबांच्या हयातीत त्यांच्या जागी मंगलोरी कौलं आली. वडील गेल्यावर आई मुंबईला आमच्याकडे राहायला आली आणि घराला कुलूप लागलं. काही वर्षांत मागच्या पडवीचे वासे खाली आले, तेव्हा दुरुस्तीचा विषय निघाला.

आराखडा करण्याआधी मी पुष्कळ फिरलो. कन्याकुमारी जिल्ह्यातला पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा पाहिला. लॉरी बेकर यांनी त्रिवेंद्रममध्ये उभारलेल्या इमारती पाहिल्या. श्रीलंकेच्या जेफ्री बावा यांच्या घरांची पुस्तकं मिळवून वाचली. पुण्यात विश्रामबागवाड्यात जाऊन आलो, गोव्यातली जुनी घरं बघत हिंडलो. हे सगळं फिरणं डिसेंबर-जानेवारीतलं होतं. भर पावसात मी एकही घर पाहिलं नाही. आमच्याच वाडीतली चार घरं जुलैमध्ये कशी वागतात हेही पाहिलं नाही, आणि पुढच्या सगळ्या चुका इथून निघाल्या. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, अशा मुलखातल्या घराचा विचार मी कोरड्या हवेत बसून केला.

पहिला घाव भिंतींवर घातला. मला चिऱ्याचा तांबडा रंग दिसायला हवा होता. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेची ती लाल, उघड्या दगडाची भव्य भिंत डोळ्यांसमोर होती. आपल्या प्रदेशाच्या दगडाचं हे खरं रूप, असं मला वाटे. मग मजूर लावून चुन्याचा जुना गिलावा बाहेरून पूर्ण खरवडून काढला, चिऱ्यांमधल्या मातीच्या सांध्यांत सिमेंट भरलं आणि दगडावर चकाकणारा पारदर्शक लेप मारून घेतला. मे महिन्यात घर देखणं दिसत होतं, यात शंका नाही.

बॉम जेझूची हकीकत मला नंतर कळली. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चर्चवर मुळात चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून तो काढून टाकला गेला. तेव्हापासून तो दगड पावसाच्या तोंडी आहे, झिजतो आहे, आणि गिलावा परत चढवावा अशी मागणी तिथल्या जबाबदार माणसांनीच केली आहे. ज्या भिंतीला मी मूळ रूप समजत होतो, ती स्वतःच एक चूक होती. ती चूक मी चारशे वर्षांची परंपरा समजून माझ्या घरावर उतरवली.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून कठीण होतो. पण तो सच्छिद्र दगड आहे, पाणी पितो. जुन्या माणसांना हे माहीत होतं, म्हणून जिथे पाऊस लागतो तिथे त्यांनी चुना चढवला आणि जिथे चुना नव्हता तिथे पडवी किंवा लांब पाखी पुढे ओढली. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीत गेलेली ओल परत बाहेर पडते. सिमेंट आणि तो लेप मात्र ओल आत कोंडून ठेवतात. पश्चिमेच्या भिंतीत पहिल्याच पावसाळ्यात पाणी उतरलं. बाहेरून जाता येईना, म्हणून ते आत आलं. माजघराच्या भिंतीवर हिरवट-काळे डाग पडले, देवघरातल्या तसबिरींच्या मागे बुरशी आली. दोन वर्षांनी सिमेंटच्या सांध्यांना लागून चिऱ्याच्या कडा भुगा होऊन पडू लागल्या, कारण सांधा दगडापेक्षा कठीण झाला होता आणि झीज सोसायचं काम दगडावर आलं होतं.

दुसरी चूक छपराची. ती सर्वांत मोठी, आणि ती करू नको असं मला स्पष्ट सांगण्यात आलं होतं.

आमच्या पुढच्या पडवीची पाखी खूप खाली उतरलेली होती. उंच माणसाला वाकून आत यावं लागे. ओटीवर दिवसाही अंधुक उजेड असे. मला ते कोंदट वाटायचं. मी पडवीचे खांब उंच केले, पागोळ्या जवळजवळ तीन फूट वर नेल्या आणि त्यासाठी पडवीच्या छपराचा उतार कमी केला. खळ्यातून पाहिलं की आता ओटीवरचा झोपाळा दिसत होता. आमच्या घराचं मूळ लाकूडकाम ज्यांच्या वडिलांनी केलं होतं, ते वयस्कर मेस्त्री तेव्हा काम बघायला आले होते. त्यांनी उभ्या केलेल्या खांबाला हात लावला, समुद्राच्या दिशेला पाहिलं आणि म्हणाले, "झिला, पाऊस वरसून येणा नाय, आडवो येता." मी त्यांना चहा दिला, मान डोलावली आणि काम तसंच पुढे चालू ठेवलं. माझ्याकडे मुंबईहून आणलेला आराखडा होता, आणि त्यात पडवीची उंची लिहिलेली होती.

आडवा येणारा पाऊस म्हणजे झड. नैर्ऋत्येचा वारा सुटला की पाण्याचे तुषार खळं ओलांडून थेट ओटीच्या दारापर्यंत येतात. पागोळ्या खाली असतात त्या ह्यासाठी. पावसाळ्याआधी चुडतांची झापं विणून पडवीच्या उघड्या बाजूला बांधतात तीही ह्यासाठी. माझ्या उंच पडवीला बांधायची तर झापंही पुरेनात. ओटीची जमीन जून ते सप्टेंबर ओली राहू लागली, झोपाळ्याच्या कड्या गंजल्या, दाराची फणसाची फळी फुगून दार लागेनासं झालं. उतार कमी केल्यामुळे आणखी एक झालं. मंगलोरी कौलांना आमच्याकडच्या पावसात ३० अंशांच्या वरचा चांगला उतार लागतो. त्याहून कमी उतारावर जोराचा वारा पाणी कौलांच्या सांध्यातून उलटं वर चढवतो. एकही कौल फुटलेलं नसताना छप्पर गळत होतं, आणि मी कौलं विकणाऱ्याला दोष देत होतो.

उंच, उघड्या पडवीखाली वारा शिरतो आणि छप्पर खालून उचलतो, हेही मला ठाऊक नव्हतं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा गावात सगळ्यांचीच कौलं उडाली. जुन्या भागातली आमचीही उडाली, ती गावातल्या मुलांनी वर चढून परत बसवली. नव्या पडवीचं मात्र रीप-वाशांसकट निम्मं छप्पर उचकटलं. ते परत बांधताना मी पागोळ्या जुन्या मापावर आणल्या. माप विचारायला मेस्त्री राहिले नव्हते. भिंतीवर जुन्या पाखीची खूण शिल्लक होती, तीवरून उंची घेतली.

तिसरी गोष्ट चौकाची. विश्रामबागवाडा आणि केरळचा नालुकेट्टू, दोन्ही पाहून मला घराच्या मध्यभागी आकाश दिसणारा चौक हवासा झाला. आमच्या घराला चौक कधीच नव्हता. कोकणात चौसोपी घरं आहेत, पण ती मोठ्या खटल्यांची, खोतांची वगैरे. साधं कोकणी घर एका आढ्याखाली घट्ट बांधलेलं असतं, सगळं पाणी बाहेर टाकणारं. मी माजघराचा एक भाग पाडून बारा बाय बारा फुटांचा चौक काढला आणि भोवतालची पाखी आत वळवली.

हिशोब अगदी सोपा होता आणि तो मी केला नाही. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. चौक आणि त्याच्यात उतरणारी पाखी मिळून साधारण ६० चौरस मीटर. आमच्याकडे जुलैत एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडणं नवलाचं नाही. म्हणजे १२,००० लिटर पाणी एका दिवसात घराच्या पोटात. ते बाहेर न्यायला मी जमिनीखालून चार इंची पाईप टाकला होता, आणि आंब्याच्या पानांनी तो पहिल्याच जोराच्या सरीत तुंबला. पाणी माजघरात आलं, तिथून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत चढलं.

पुण्याला वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथल्या वाड्याचा चौक उजेड-वाऱ्यासाठी. केरळात पाऊस आमच्यासारखाच, तरी तिथे चौक टिकतो, कारण त्यांनी तो पाण्यासाठी बांधलेला असतो. अंगण भोवतालच्या जमिनीहून बरंच खोल, कडेला रुंद पडवी, आणि पाणी जायला दगडात कोरलेला, हात घालून साफ करता येईल असा उघडा मार्ग. मी पुण्याचा चौक केरळचा समजून कोकणात बांधला. मग घाबरून त्यावर पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा घातला. पाऊस थांबला, आणि एप्रिलपासून माजघर भट्टीसारखं तापू लागलं. ऊन आत येत होतं, गरम हवेला वर जायला वाट नव्हती. चौक आता बुजवला आहे. वर परत कौलं आहेत, आणि उजेडासाठी मध्ये मध्ये काचेची कौलं बसवली आहेत, जी आमच्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून होतीच.

नव्या झोपण्याच्या खोलीबद्दल थोडक्यात सांगतो. गळतीच्या भीतीनं मी तिथे उतरता काँक्रीट स्लॅब घातला आणि वरून शोभेला कौलं चिकटवली. गळत नाही. पण काँक्रीट दिवसभर ऊन साठवतं आणि रात्री आत सोडतं. रिपांवर सुटी बसवलेली कौलं सूर्य कलला की लवकर निवतात, आणि त्यांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. जुन्या माजघरात मे महिन्यात रात्री पंखा पुरतो. स्लॅबच्या खोलीत वातानुकूलन यंत्राशिवाय झोप लागत नाही. बावांनी गळती टाळण्यासाठी सिमेंटच्या नालीदार पत्र्यांवर अर्धगोल कौलं बसवण्याची पद्धत वापरली, त्यात निदान वजन हलकं राहतं आणि कौलाखाली हवा खेळते. हे मी पुस्तकात वाचलेलंही होतं. चित्र लक्षात राहिलं, छेद बघितला नाही.

आता जमिनीचं आणि चुलीचं सांगतो. इथली चूक बांधकामाची कमी आणि माणसांविषयीची जास्त आहे, म्हणून ती मला अधिक बोचते.

मला शेणानं सारवलेली जमीन हवी होती. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत त्या जमिनीवर पालथं पडून वाचलेली पुस्तकं आठवत होती, त्या गारव्याची आठवण अजून अंगावर आहे. ओटी आणि माजघरात मातीची जमीन चोपून घेतली, सारवून घेतली. सारवलेली जमीन दर आठ-पंधरा दिवसांनी परत सारवावी लागते, नाहीतर ती पोपडे धरते आणि पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते. आम्ही गावी येणार गणपतीला, दिवाळीला आणि मेमध्ये. आईला मी अभिमानानं जमीन दाखवली. ती म्हणाली, "सुंदर आहे. आता हिच्यावर दर आठवड्याला कोण बसणार? तुझी बायको? मी तर नाही." मला उत्तर देता आलं नाही. ज्या गारव्याची मला ओढ होती तो आई आणि काकी रोज वाकून, हात शेणात घालून तयार करत होत्या, आणि मी तो घराचा गुण समजलो होतो. कोकणी घरावर लिहिणाऱ्यांनी, माझ्यासकट, बायकांच्या ह्या कामाची नोंद फार कमी घेतली आहे. घर गार राहतं ते चिऱ्यामुळे आणि कौलांमुळे, हे खरं. पण ते वर्षानुवर्षं राहतं ते सारवणं, झाडणं, झापं बांधणं, मिरगाआधी कौलं उतरवून शाकारणी करणं, पन्हळीतला पाचोळा काढणं, ह्या कामांमुळे. माझ्या आराखड्यात ह्यातल्या एकाही कामाला माणूस नव्हता.

चुलीचंही तेच. धूर नको म्हणून चूल काढली, गॅस आणला, आणि स्वयंपाकघरातल्या धुरानं काळे पडलेले वासे घासून, पॉलिश करून त्यांचा मूळ रंग काढला. तो काळा थर पिढ्यांच्या धुरानं बसलेला होता. धुरामुळे लाकूड कोरडं राहतं आणि कीड लागत नाही. पॉलिश केलेल्या वाशांखाली एका पावसाळ्यानंतर बारीक भुसा पडू लागला. माझ्या सांगण्यावरून बायकोनं चूल परत पेटवावी, असं मी म्हणणार नाही. चुलीच्या धुरानं बायकांच्या छातीची काय वाट लागते हे मी घरात पाहिलं आहे. पण चूल जाणार असेल तर तिचं काम दुसऱ्या कशावर तरी सोपवायला हवं होतं. आता वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावतो. आमच्याकडे ते लाकडाला पूर्वीपासून लावत आलेत. ते अंगाला लागलं तर कातडी सोलते, म्हणून जपून लावावं लागतं, आणि परत परत लावावं लागतं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. शेजारच्या घरानं कौलं काढून निळे पत्रे घातले तेव्हा मी त्यांना बरंच सुनावलं होतं. वाडीचं रूप बिघडतं, पत्रा तापतो, पावसात आवाजानं बोलणं ऐकू येत नाही, वगैरे. ते ऐकून घेत राहिले. नंतर आमचं छप्पर गळायला लागलं तेव्हा कळलं, की माकडांच्या टोळ्या रोज कौलांवरून नाचतात आणि रोज कौलं फोडतात, वर चढून ती बदलायला घरात तरुण माणूस नाही, आणि शाकारणीला मजूर मिळायला मेमध्ये वाट बघावी लागते. मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसानं गावात बारमाही राहणाऱ्याला छपराची सुंदरता शिकवणं अनुचित होतं. मी त्यांच्याकडे जाऊन तसं बोललो. पत्रे अजून तिथेच आहेत, आणि ते का आहेत हे मला समजतं.

आजची स्थिती अशी. पडवी जुन्या उंचीवर आली आहे. चौक बुजला आहे. ओटी-माजघराला लाल कोबा आहे. तो सारवलेल्या जमिनीइतका नाही, पण गार राहतो, आणि गुळगुळीत फरशीसारखा पावसाळ्यात घाम फुटून निसरडा होत नाही. पश्चिमेच्या भिंतीवरचा लेप आणि सिमेंटचे सांधे जमतील तेवढे काढून परत चुन्याचा गिलावा केला. चुना भिजवून मुरू द्यावा लागतो, गिलावा ओला ठेवत सावकाश कठीण होऊ द्यावा लागतो, म्हणून ते काम मिरगाच्या पुष्कळ आधी संपवावं लागतं. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधण्यात एक पूर्ण हंगाम गेला. स्लॅबची खोली तशीच आहे, ती पाडायला आता पैसे नाहीत. गावातल्या एका कुटुंबाला मागची बाजू राहायला दिली आहे, आणि शाकारणीचे व देखभालीचे पैसे घरखर्चातच धरतो. घर उघडं राहू लागल्यापासून त्याची ओल कमी झाली आहे.

ज्यांच्या नावावर असं जुनं घर अजून उभं आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आराखडा करण्याआधी एक अख्खा पावसाळा त्या घरात राहा. झड कुठवर येते, पाणी कुठून उतरतं, कोणती भिंत किती दिवसांनी सुकते, हे स्वतः बघा. गावातला जुना सुतार किंवा गवंडी हयात असेल तर त्याला चहावर बोलवून सल्ला मागू नका. त्याची मजुरी देऊन घर दाखवा, आणि तो जे सांगेल ते लिहून घ्या. घरात वर्षभर कोण राहणार आणि कोणतं काम कोण करणार, हे बायकांना विचारून ठरवा. आणि छपराचा उतार व पागोळ्यांची उंची नक्की होईपर्यंत गिलाव्याला, जमिनीला, कशालाही हात लावू नका.